आधी थांबायला शिका

पाऊस लागला की सकाळी फिरायला जाणाऱ्यांची पंचाईत होते. फुटपाथवर शेवाळ, खड्ड्यांत पाणी, त्यात शेजारून गेलेली गाडी अंघोळ घालून जाते. मग सोसायटीच्या जिममधल्या एकुलत्या एका ट्रेडमिलसाठी नंबर लागतात किंवा हप्त्यांवर घेतलेली ट्रेडमिल घरात येते. चालण्यात काय शिकायचे, असे म्हणत बहुतेक जण बटण दाबून थेट चालू लागतात.

ट्रेडमिलवरचे चालणे रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा एका बाबतीत मात्र अगदी वेगळे आहे. रस्त्यावर चप्पल निसटली, फोन वाजला किंवा गरगरल्यासारखे वाटले तर आपण थांबतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. ट्रेडमिलवर आपण थांबलो तरी बेल्ट थांबत नाही. ताशी ६ किलोमीटर वेगाला बेल्ट दर सेकंदाला सुमारे १.७ मीटर मागे सरकतो. घरगुती ट्रेडमिलवर चालण्याची जागा असते साधारण १.२ ते १.४ मीटर लांब. म्हणजे पाय थबकला की एका सेकंदाच्या आत तुम्ही मागच्या टोकाला पोचलेले असता. सावरायला मिळणारा वेळ एवढाच.

पुढच्या बहुतेक सूचना या एका सेकंदासाठी आहेत. तो सेकंद शक्यतो येऊ नये, आलाच तर बेल्ट आपोआप थांबावा, आणि तरीही पडलात तर पडायला मोकळी जागा असावी. त्यातली जागेची गोष्ट आधी पाहू, कारण ती मशीन घरात येण्यापूर्वीच ठरवावी लागते.

पाठीमागे भिंत नको

ट्रेडमिलच्या मागे किमान २ मीटर आणि दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर जागा मोकळी हवी. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये हे गणित जमवणे सोपे नाही, हे खरे. म्हणून बहुतेक घरांत समोर टीव्ही आणि पाठीमागे भिंत, कपाट किंवा पलंगाची कड अशी मांडणी होते. नेमकी हीच मांडणी सगळ्यात वाईट.

मागे जागा मोकळी असेल तर पडलेला माणूस बेल्टवरून जमिनीवर फेकला जातो. खरचटते, मुका मार लागतो, पण यंत्रापासून सुटका होते. मागे भिंत असेल तर तो भिंत आणि फिरता बेल्ट यांच्यात अडकतो. बेल्ट त्याच्या गुडघ्यावर, कोपरावर, कधी चेहऱ्यावर घासत राहतो आणि बटणापर्यंत हात पोचत नाही. घर्षणाने कातडी भाजल्यासारखी सोलवटून निघते. तेव्हा मशीनचे तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीच्या मोकळ्या भागाकडे करा. सरळ बसत नसेल तर कोपऱ्यात तिरकी ठेवा. टीव्ही दिसला नाही तरी चालेल.

डोक्यावरचीही जागा बघा. ट्रेडमिलवर उभे राहिल्यावर आपण जमिनीपासून १५-२० सेंटीमीटर उंच होतो, धावताना आणखी थोडे वर उडतो आणि चढ दिला की पुढची बाजू आणखी उचलली जाते. पोटमाळ्याखाली ठेवलेली मशीन उंच माणसाच्या कपाळावर उठते. गॅलरीतही ती ठेवू नये. पावसाची झड, दमट हवा आणि धूळ यांनी मोटर व सर्किट लवकर खराब होतात.

फरशी सपाट हवी. चारही पाय नीट टेकत नसतील तर खालचे स्क्रू फिरवून ते समतोल करा. कागदाच्या घड्या सरकवून काम भागवू नका. खाली रबरी मॅट घातली तर आवाज आणि हादरे कमी होतात, खालच्या मजल्यावरच्यांशी संबंधही चांगले राहतात.

लाइट गेली तर?

ट्रेडमिलची मोटर सुरू होताना बराच करंट ओढते. तिच्यासाठी १६ अँपिअरचा, व्यवस्थित अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग असावा. टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डात तिची पिन खुपसू नये. वायर तापते, व्होल्टेज पडते आणि बेल्ट झटके देऊ लागतो. शंका असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. घामेजल्या हातांनी ज्या यंत्राच्या धातूच्या दांड्या धरायच्या, तिथे अर्थिंगमध्ये हयगय नको.

चालता चालता वीज गेली तर बेल्ट अचानक अडतो आणि शरीर मात्र आपल्या वेगाने पुढे जाते. चालत असाल तर ठेचकाळल्यासारखे होते, धावत असाल तर छाती हँडलवर आदळू शकते. तुमच्या भागात दुपारी ठरलेल्या वेळी लाइट जात असेल किंवा वादळी पाऊस सुरू असेल तर त्या वेळी धावू नका. वीज गेलीच तर हँडल धरा, बाजूच्या स्थिर कडांवर पाय घ्या, सेफ्टी की काढा आणि खाली उतरा. बेल्टवर उभे राहून लाइट येण्याची वाट पाहू नका.

ओढणी, नाडी आणि चप्पल

लोंबणारी कोणतीही गोष्ट बेल्टला आमंत्रण असते. ओढणी, पदर, पायघोळ सलवार, पायापर्यंतचा गाऊन, ट्रॅक पँटची सुटलेली नाडी, मानेभोवती घातलेला टॉवेल, इअरफोनची वायर. कापडाचे टोक मागच्या रोलरखाली गेले की रोलर ते गुंडाळत जातो आणि कापडाबरोबर माणूस खेचला जातो. साडी नेसून हळूहळू चालायला काय हरकत आहे, असा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. हरकत वेगाची नाही, पदराची आहे. पंजाबी ड्रेस घालायचा असेल तर ओढणी बाजूला ठेवा आणि सलवार घोट्याच्या वर राहील असे बघा. लांब वेणी असेल तर अंबाडा बांधा.

पायात बूटच हवेत, मागून बंद असलेले आणि लेस घट्ट बांधलेले. स्लिपर निसटते, नुसते मोजे घसरतात, अनवाणी चालले तर बेल्टच्या घर्षणाने तळव्याला फोड येतात. ट्रेडमिलसाठी बुटांचा वेगळा जोड ठेवला तर उत्तम. बाहेरच्या बुटांबरोबर आलेली वाळू बेल्टखाली जाते आणि बेल्ट घासून खराब होतो. पावसात भिजलेले तळवे घसरतात, हे वेगळे सांगायला नको. बूट वरून चांगले दिसले तरी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतला मऊपणा संपतो. रोज ३ किलोमीटर चालणाऱ्याचा जोड सहा ते नऊ महिन्यांत तिथवर पोचतो.

लाल दोरीची परीक्षा

डिस्प्लेच्या खाली लाल रंगाची एक चकती किंवा किल्ली असते आणि तिला दोरी व चिमटा असतो. ही सेफ्टी की. चिमटा कपड्याला लावायचा, चकती तिच्या खाचेत बसवायची. तुम्ही मागे घसरलात की दोरी ताणली जाते, चकती निघते आणि मोटर बंद होते. घसरल्यानंतर हाताने बटण दाबणे जमेलच असे नाही. ही दोरी ते काम तुमच्यासाठी करते.

बहुतेक घरांत ती चकती जागेवर बसवलेली असते आणि चिमटा हँडलला अडकवलेला असतो. म्हणजे मशीन चालते, पण दोरीचा उपयोग शून्य. चिमटा शर्टाच्या पोटाजवळच्या भागाला, कापडाची चांगली जाड घडी करून लावा. घामाने ओल्या झालेल्या पातळ टी-शर्टच्या कडेला लावलेला चिमटा चकती निघण्याआधी स्वतःच सुटतो.

दोरी काम करते की नाही, हे स्वतः तपासा. बाजूच्या स्थिर कडांवर उभे राहा, बेल्ट सगळ्यात कमी वेगाने सुरू करा आणि चिमटा लावलेल्या स्थितीत, हँडल धरून, शरीर हळूहळू मागे न्या. बेल्टच्या अर्ध्यापर्यंत जाण्याच्या आत चकती निघून मोटर बंद व्हायला हवी. त्याहून मागे गेल्यावर ती निघत असेल तर दोरी लांब आहे, मध्ये गाठ मारून आखूड करा. ही परीक्षा महिन्यातून एकदा घ्यावी. जिममध्ये ज्या ट्रेडमिलची दोरी तुटलेली असेल ती सोडून दुसरी घ्या आणि मॅनेजरला सांगा. हल्ली टेबलाखाली ठेवायचे वॉकिंग पॅड निघाले आहेत. त्यांतल्या अनेकांना ना हँडल असते ना दोरी. तोल जाण्याची तक्रार असलेल्यांनी किंवा वयस्कर माणसांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चढणे आणि उतरणे

नवख्या माणसाने पहिल्या दिवशी दहा मिनिटे फक्त एवढाच सराव करावा:

१. मशीन बंद असताना चढा. दोन्ही पाय बाजूच्या स्थिर कडांवर, हात हँडलवर. बेल्टवर उभे राहून स्टार्ट दाबू नका.

२. सेफ्टी की लावा, चिमटा कपड्याला अडकवा, मग स्टार्ट दाबा. बहुतेक मशीन तीन आकडे मोजून ताशी १ किलोमीटरच्या आसपास वेगाने सुरू होतात. आधीच्या माणसाने ठेवलेला वेग तसाच राहिलेला नाही ना, हे डिस्प्लेवर वाचा.

३. बेल्ट सरकू लागला की हँडल धरून एक पाय ठेवा, लगेच दुसरा. दोन-चार पावले स्थिर पडली की वेग वाढवा, तोही एकेक बटण दाबून. वेगाचे तयार आकडे असलेली बटणे एका फटक्यात ३ वरून ८ वर नेतात. ती सध्या विसरा.

४. थांबताना वेग टप्प्याटप्प्याने कमी करा, बेल्ट पूर्ण थांबू द्या, मग कडांवर पाय घेऊन उतरा. चालत्या बेल्टवरून जमिनीवर पाऊल टाकायचे नाही. चालत्या बसमधून उडी मारण्याची सवय इथे महागात पडते.

उतरल्यावर क्षणभर जमीन पुढे सरकते आहे असे वाटते. इतका वेळ पाय चालत होते आणि डोळ्यांसमोरची भिंत जागची हलत नव्हती. मेंदूला हा हिशेब पुन्हा जुळवायला थोडा वेळ लागतो. तोवर हँडल धरून उभे राहा.

याच सरावात अचानक थांबण्याचीही उजळणी करा. कमी वेगावर चालताना दोन्ही हातांनी हँडल पकडायचे, एकापाठोपाठ एक पाय बाजूच्या कडांवर घ्यायचे, मग स्टॉप दाबायचे. घाबरलेला माणूस बेल्टला गाठण्यासाठी पळू पाहतो आणि नेमका पडतो. हात-पाय-बटण हा क्रम अंगवळणी पडला की घाबरल्यावरही शरीर तेच करते.

आकडा वाचा, एकक वाचा

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांसाठी ही खास सूचना. पुण्यात किंवा नाशिकमध्ये घरच्या ट्रेडमिलवर ५ वर ठेवून चालायची सवय असते. तिथल्या अपार्टमेंटच्या जिममध्येही ते ५ दाबतात. पण तिथला ५ हा ताशी ५ मैल असतो, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. हा चालण्याचा नव्हे, धावण्याचा वेग आहे. किलोमीटरमधल्या ५ साठी तिथे साधारण ३ हा आकडा लावायचा. काही मशीनवर एकक बदलताही येते, त्यामुळे भारतातल्या हॉटेलातही आधी एकक वाचा.

चालताना

नजर समोर, मान सरळ, पावले बेल्टच्या मधोमध आणि थोडी पुढच्या भागात. डिस्प्लेला अगदी चिकटून चालले तर पावले आखडतात. फार मागे राहिले तर तो एक सेकंदही उरत नाही.

हँडल धरावे की नाही? चढताना, उतरताना, वेग बदलताना आणि तोल डळमळला तर जरूर धरावे. वयस्कर माणसांनी हलका स्पर्श ठेवून चालायलाही हरकत नाही. पण संपूर्ण वेळ हँडलवर भार टाकून चालले तर मेहनत कमी होते आणि कंबर वाकते, खांदे वर चढतात, मनगटे दुखतात. डिस्प्लेवर कॅलरीचे आकडे मात्र जोरात पळत राहतात, कारण तुम्ही हँडलवर लटकला आहात हे मशीनला कळत नाही. हँडल सोडून चालता येत नसेल तर वेग जास्त आहे, एवढेच समजा.

मोबाइल हा इथला मोठा शत्रू. व्हॉट्सॲप वाचताना मान खाली जाते, पावले एका बाजूला सरकत जातात आणि बूट बेल्ट सोडून स्थिर कडेवर पडतो. एक पाय थांबलेला, दुसरा मागे जाणारा, मग तोल जाणारच. फोन घ्यायचा असेल तर बेल्ट थांबवा. गाणी लावायची असतील तर सुरुवातीलाच लावून घ्या. आणि काहीही खाली पडले, फोन, बाटली, नॅपकिन, तरी वाकू नका. फोनची काच फुटली तर बदलता येते. मागे वळून कोणाशी बोलणे, डोळे मिटून चालणे, उलटे चालणे हे प्रकारही नकोत.

चढ म्हणजे गंमत नव्हे

बाहेर चालताना हवा कापत जावे लागते, ट्रेडमिलवर ते नसते. म्हणून धावणारे १ टक्का चढ ठेवतात. हा आकडा १९९६ मध्ये अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांच्या अभ्यासातून रूढ झाला आणि तो वेगाने धावणाऱ्यांसाठी आहे. साधे चालणाऱ्याने शून्यावर चालले तरी काही बिघडत नाही.

चढाने श्रम किती वाढतात, हे ‘टीएमटी’ करून आलेल्यांना चांगले माहीत असते. हृदयाच्या या तपासणीत बऱ्याचदा अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत वापरतात. तिचा पहिला टप्पा ताशी फक्त २.७ किलोमीटरचा, म्हणजे रमतगमत चालण्याचा असतो. पण चढ १० टक्के. तीन मिनिटांनी वेग ४ आणि चढ १२ टक्के होतो, पुढच्या तीन मिनिटांनी ५.५ आणि १४ टक्के. तिथे अंगावर ईसीजीच्या वायरी असतात आणि शेजारी डॉक्टर उभे असतात. घरी एकट्याने १२ टक्के चढ लावताना हे लक्षात असू द्या. चढामुळे पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांवरही ताण येतो. तिथे आधीच दुखत असेल तर चढ शून्यावर ठेवा.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात दिवसाआड २० मिनिटे पुरेत. त्यातली पहिली ५ मिनिटे ताशी ३ किलोमीटरने, पुढची १० मिनिटे ४ ते ५ ने आणि शेवटची ५ पुन्हा ३ वरून खाली येत. ही शेवटची ५ मिनिटे घाईच्या दिवशी हमखास कापली जातात. चालताना पायांच्या स्नायूंकडे भरपूर रक्त गेलेले असते आणि स्नायूंच्या हालचालीमुळेच ते वर ढकलले जाते. एकदम थांबले की रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळ कमी असेल तर मधली मिनिटे कमी करा.

दुसऱ्या आठवड्यापासून आधी वेळ वाढवा, मग वेग आणि सगळ्यात शेवटी चढ. एका वेळी एकच गोष्ट, म्हणजे दुखू लागलेच तर कशामुळे ते कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम करावा. महिनाअखेरीस आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत पोचलात तर तेवढे भरते.

श्रम मध्यम आहेत हे कसे ओळखायचे? चालताना शेजारच्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा वेग बरोबर. बोलताना शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या हृदयाचे ठोके दाखवतात, पण घामाने आणि हात हलल्याने तो आकडा चुकतो. त्यावर विसंबू नका.

हळूहळू येणारी दुखणी

पडणे एका क्षणात होते. नडगी, गुडघा, टाच यांची दुखणी आठवड्यांनी डोके वर काढतात. रस्त्यावर पाऊल दर वेळी थोडे वेगळे पडते, ट्रेडमिलवर हजारो पावले जवळजवळ तशीच पडतात आणि ताण त्याच त्या जागी बसतो.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल किंवा नडगीच्या आतल्या कडेला दाबल्यावर दुखत असेल तर वेग आणि वेळ दोन्ही कमी करा. धावत असाल तर काही दिवस फक्त चाला. लांब ढांगा टाकण्याची सवय असेल तर ती मोडा. त्याच वेगाला मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त पावले टाकली तर पाऊल शरीराखाली पडते आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. आधी मिनिटाला १५० पावले पडत असतील तर १६० करून बघा. आठवड्यातून एखाद-दोन दिवस सायकल किंवा योगासने करा.

व्यायामानंतर स्नायू सगळीकडून आंबल्यासारखे होणे आणि दोन दिवसांत उतरणे ठीक आहे. हाडाच्या एकाच बिंदूवर दुखणे, सांध्याला सूज, रात्री झोपेतही ठणका किंवा लंगडत चालावे लागणे हे डॉक्टरांना दाखवावे. गोळी घेऊन पुन्हा ट्रेडमिलवर चढू नये.

हृदय, साखर आणि इतर खबरदारी

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, श्रमाने छातीत दडपण येणे, पूर्वी कधी बेशुद्ध पडणे, कानाच्या त्रासामुळे चक्कर येणे, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘बीटा ब्लॉकर’ गटातली औषधे घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात. त्यांनी ठोक्यांच्या तक्त्यावर न जाता बोलण्याच्या कसोटीवर वेग ठरवावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये, साखर तपासून चढावे आणि ग्लुकोज किंवा साखर हाताशी ठेवावी. साखर ७० च्या खाली असेल तर आधी ती वर आणायची, व्यायाम नंतर. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर फोड आलेला कळत नाही. रोज रात्री तळवे बघावेत.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा जास्त धाप, ठोके चुकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत आणखी पाच मिनिटे ओढू नका. २०१५ मध्ये सर्व्हेमंकी या कंपनीचे प्रमुख डेव्ह गोल्डबर्ग मेक्सिकोतल्या एका रिसॉर्टच्या जिममध्ये ट्रेडमिलजवळ पडलेले सापडले आणि दगावले. आधी वाटले की ते पडून डोक्याला मार लागला. पुढे हृदयाची लय बिघडली हे कारण समोर आले. व्यायाम करताना घरात किंवा जिममध्ये दुसरे कोणी असावे, ते यासाठी.

मशीन बंद, धोका सुरू

लहान मुले असलेल्या घरात ट्रेडमिल बंद असतानाही सुरक्षित नसते. मुलांचे हात बेल्ट आणि रोलर यांच्या फटीत जातात. कोवळ्या तळहाताची कातडी फिरत्या बेल्टवर क्षणात खोलवर भाजते. काही मुलांना त्वचारोपण करावे लागते. २००९ मध्ये मुष्टियोद्धा माइक टायसन यांची चार वर्षांची मुलगी ॲरिझोनातल्या घरी ट्रेडमिलला लोंबणाऱ्या दोरीत मान अडकून दगावली. मे २०२१ मध्ये पेलोटॉन कंपनीने अमेरिकेत ‘ट्रेड प्लस’ ही सुमारे सव्वा लाख यंत्रे परत मागवली. माणसे, पाळीव प्राणी आणि वस्तू मागच्या टोकाखाली ओढल्या गेल्याच्या ७२ घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता.

म्हणून काम झाले की तीन गोष्टी करा. सेफ्टी की काढून उंच कपाटात ठेवा, भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढा आणि लोंबणारी प्रत्येक दोरी गुंडाळा. आई-बाबा चालत असताना मूल त्या खोलीत नको. तुम्ही समोर बघत असता आणि ते मागून येते. घडीची ट्रेडमिल उभी केल्यावर तिचा खटका बसल्याचा आवाज ऐका, नाहीतर ती मुलाच्या अंगावर येऊ शकते.

देखभाल

बेल्ट आणि त्याखालची फळी यांमध्ये सिलिकॉन ऑइल लागते. पिन काढून बेल्टची कड उचला आणि खालून बोट फिरवा. कोरडे लागले तर तेल घाला, किती आणि कधी ते मशीनच्या पुस्तिकेत असते. खोबरेल, शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे वापरू नका, बेल्ट खराब होतो.

पाऊल टेकताच बेल्ट क्षणभर अडल्यासारखा वाटत असेल तर तो सैल तरी आहे किंवा कोरडा तरी. बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर मागच्या टोकाला दोन बोल्ट असतात. बेल्ट उजवीकडे गेला असेल तर उजवा बोल्ट मशीनबरोबर आलेल्या ॲलन कीने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा, डावीकडे गेला असेल तर डावा. मग रिकामा बेल्ट कमी वेगावर दोन मिनिटे चालवून बघा, लागल्यास आणखी पाव फेरा. बोल्ट फिरवताना मशीन बंद ठेवा. जळका वास, ठिणगी, आपोआप बदलणारा वेग दिसला तर मात्र मेकॅनिकशिवाय हात लावू नका. मशीन घेताना तिची वजनाची मर्यादा घरातल्या सगळ्यात वजनदार माणसापेक्षा किमान १५-२० किलो जास्त असावी.

कोणी पडलेच तर

आधी बेल्ट बंद करा, मग माणसाला हात लावा. चालत्या बेल्टवरून त्याला ओढायला जाल तर दोघेही अडकाल. सोलवटलेल्या जागेवर वाहते थंड पाणी २० मिनिटे सोडा आणि स्वच्छ कापडाने झाका. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. लहान मुलाचा हात असेल तर जखम किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, तेही त्यांना सांगा.

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा वाढती डोकेदुखी असेल, किंवा मान दुखत असेल, तर त्या माणसाला उठवून बसवू नका, १०८ वर फोन करा. माणूस शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून लगेच छाती दाबायला सुरुवात करा: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. जिममध्ये हृदयाला शॉक देणारे एईडी यंत्र असेल तर दुसऱ्याला ते आणायला पाठवा. सोसायटीच्या जिममध्ये असे यंत्र आहे का आणि ते कुठे ठेवले आहे, हे पुढच्या मीटिंगमध्ये जरूर विचारा.

मार किरकोळ असला तरी त्या दिवशी पुन्हा मशीनवर चढू नका. आधी पडण्याचे कारण शोधा: बूट, फोन, वेग, बेल्ट की चक्कर. कारण बुटात किंवा बेल्टमध्ये असेल तर ते दुरुस्त करा. चक्कर आली असेल किंवा कारण सापडतच नसेल तर आधी डॉक्टर, मग ट्रेडमिल.